तळ्याकाठचा तह

"बघ, नीट बघ," उम खल्दून म्हणाली आणि तिनं गाईच्या तोंडात हात घालून जीभ एका बाजूला ओढून धरली.

जिभेवरची कातडी सोलून निघाली होती. खाली लालभडक मांस दिसत होतं आणि लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. मी वाकून पुढचा पाय उचलला. खुराच्या बेचक्यातला फोड फुटून तिथे माती भरली होती. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या माणसाला यापुढे काही तपासायची गरज नव्हती. लाळ्या-खुरकूत. एका गोठ्यात शिरली की शेजारचा गोठा सोडत नाही.

"आणखी कुणाकुणाला झालंय?"

"माझ्या दोन गाईंना. शेजाऱ्याचा तर सगळा गोठा गेला. शेळ्या लंगडतायत." तिनं जीभ सोडली, हात झग्याला पुसला आणि हनुवटीनं समोरची टेकडी दाखवली. टेकडीवर काटेरी कुंपण होतं, कुंपणामागे इस्रायली लष्कराचा टेहळणीचा मनोरा. "आणि ते कर्ण्यावरून ओरडून सांगतायत, तळ्यावर आलेलं जनावर गोळी घालून पाडू म्हणून."

मी तेव्हा लष्करात पशुवैद्य होतो, मेजर यशवंत टेकाळे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आमची भारतीय पलटण दक्षिण लेबनॉनमध्ये तैनात होती. पलटणीचं काम दोन्ही बाजूंना एकमेकांवर गोळ्या झाडू न देणं, आणि माझं काम गावांतली गुरं बरी करणं. ज्याची गाय तुम्ही वाचवलीत तो तुमच्या जीपवर दगड मारत नाही, असं आमचे कर्नल म्हणायचे, आणि ते खरंच होतं. गुरांपुरती अरबी मी शिकून घेतली होती. माणसांशी बोलताना अडखळायचो, पण उम खल्दूनला ते चालायचं.

उम खल्दून म्हणजे खल्दूनची आई. खल्दून कधीचाच ब्राझीलला गेला होता. नवरा जुन्या युद्धात पेरलेल्या सुरुंगावर पाय पडून गेला, तोही याच तळ्याच्या वाटेवर. तळं होतंच तसं अवघड जागी. संयुक्त राष्ट्रांनी दोन देशांच्या मध्ये निळी पिंपं ठेवून रेघ आखली होती, आणि ती रेघ तळ्याच्या बरोबर पोटातून जायची. उन्हाळ्यात गावाला दुसरं पाणी नव्हतं. पलीकडच्या उतारावर इस्रायलच्या दुग्धशाळांची गुरं चरायची. तिकडेही हाच रोग आला होता. ते म्हणत, लेबनॉनमधून आला. हे म्हणत, तिकडून आला.

"तू गाय सोडू नकोस तळ्यावर," मी म्हणालो.

"मग काय पाजू? कॉफी?" ती माझ्यावरच उखडली. "ऐक दक्तोर. माझ्या गाईला गोळी लागली तर मी जाऊन तिच्यापाशी उभी राहीन. अख्खं गाव माझ्या मागे येईल. मग तुझे निळ्या टोपीवाले काय करतील ते बघते."

ती धमकी देत नव्हती. जे होणार ते सांगत होती. या सरहद्दीवर याहून लहान कारणांवरून माणसं मेली होती.

त्याच आठवड्यात अमेरिकेत मोठी शांतता परिषद भरली होती. उम खल्दूनच्या ओसरीवरच्या टीव्हीत नेते हात मिळवत होते, मागे झेंड्यांची रांग होती, आणि निवेदक नव्या आराखड्याबद्दल भरभरून बोलत होता. तिनं उठून आवाज बंद केला.

"इतकी वर्षं नकाशे काढतायत," ती म्हणाली. "आमच्या तळ्याचं नाव एकाही नकाशात आलं नाही."

मी पलटणीत परत आलो आणि कर्नलसाहेबांना सरळ सांगितलं की यावर एकच उपाय आहे. दोन्हीकडच्या निरोगी जनावरांना एकाच वेळी लस टोचायची. एका बाजूनं टोचून उपयोग नाही.

"दोन्ही बाजू एकाच वेळी?" ते हसले. "टेकाळे, इथे दोन्ही बाजूंची घड्याळंसुद्धा एक नाहीत."

"घड्याळ नसेल, सर. रोग एक आहे."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि फोन उचलला.

दोन्ही लष्करांचे अधिकारी अधूनमधून एका खोलीत बसत. समुद्राकाठी, सरहद्दीलगत, शांतिसेनेच्या ठाण्यात ही बैठक व्हायची. पुढच्या बैठकीत मला बोलायची परवानगी मिळाली. अध्यक्ष होते आयर्लंडचे ब्रिगेडियर कीओ, उंच, थकलेल्या डोळ्यांचे. आत जाण्याआधी त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"मेजर, एक नियम लक्षात ठेवा. ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही फक्त माझ्याशी बोलतात."

"पण बसतात तर समोरासमोर."

"बसतात."

"मग एकमेकांचं ऐकू येतच असेल."

"येतं. पण ऐकू आलं असं दाखवायचं नसतं."

मला त्याची गंमत वाटली. मी तरुण होतो, माझा उपाय बरोबर आहे याची मला खात्री होती, आणि बरोबर उपाय नीट समजावून सांगितला की शहाणी माणसं तो मान्य करतात असं मी धरून चाललो होतो.

टेबलाच्या एका बाजूला लेबनॉनचे कर्नल मुनीर नादर बसले होते. कडक इस्त्री, बारीक मिशी, समोर पाण्याचा पेला, त्याला हातही लावलेला नाही. दुसऱ्या बाजूला इस्रायलचे कर्नल ओफर. त्यांच्या शेजारी साध्या कपड्यांतला, पन्नाशीचा, सावळा, बुटका गृहस्थ. तो त्यांच्या सरकारचा पशुवैद्य होता. माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे तो सारखा बघत होता.

मी उभा राहिलो आणि मुद्दा मांडला. दोन्हीकडे लसीकरण. लस टोचून अंगात ताकद येईपर्यंत, साधारण तीन आठवडे, तळ्यावर कुणाचंही जनावर जाणार नाही. तोवर गावाला पाणी शांतिसेनेच्या टँकरनं. आणि जनावरांवर गोळी नाही.

"अडचण एकच आहे," मी म्हणालो. "या रोगाच्या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारची लस दुसऱ्यावर चालत नाही. लेबनॉनचे नमुने इंग्लंडला गेलेत, निकालाला वेळ लागेल. इस्रायलच्या प्रयोगशाळेत तो प्रकार कदाचित आधीच कळला असेल."

कर्नल ओफर अध्यक्षांकडे वळले. "आमच्या जनावरांच्या आरोग्याची माहिती हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे."

कर्नल मुनीरही अध्यक्षांकडे वळले. "आम्ही त्यांच्याकडे काहीही मागितलेलं नाही. याची नोंद व्हावी."

"नोंद झाली," ब्रिगेडियर म्हणाले.

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग गोष्ट गुरांवरून कुंपणावर गेली, कुंपणावरून विमानांच्या घुसखोरीवर, तिथून मागच्या युद्धावर. डोळ्यांसमोर माझा साधा सरळ उपाय वाहून चालला होता. मी खुर्चीत बसलो आणि वैतागून स्वतःशीच, मराठीत, पुटपुटलो, "अरे बाबांनो, विषाणूला काय माहीत तुमची रेघ कुठून जाते!"

टेबलाच्या पलीकडून शांत आवाज आला.

"ओ टाइप हाय, टेकाळे. आमच्या लॅबचा रिपोर्ट आला परवाच."

मी दचकून वर पाहिलं. तो बुटका पशुवैद्य माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही मराठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आयबाप रेवदंड्याचे. मी नवगावकर. एलाझार नवगावकर." तो हसला. कोकणातून इस्रायलला गेलेल्या ज्यूंपैकी होता तो. "घरात आय आजून मराठीच बोलते."

तेवढंच. पण खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या होत्या. कर्नल मुनीर सावकाश उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच लागला.

"अध्यक्ष महोदय, हे अधिकारी माझ्या लोकांच्या रक्षणासाठी इथे आलेत असं मला सांगण्यात आलं होतं. आता ते माझ्यासमोर, समोरच्या पक्षाशी, या खोलीत कुणाला कळणार नाही अशा भाषेत बोलतायत. या बैठकीत बसण्यात मला अर्थ दिसत नाही."

त्यांनी टोपी उचलली. तिकडे कर्नल ओफर दातओठ खात नवगावकरांच्या कानाशी हिब्रूत काहीतरी बोलत होते. ते शब्द कळले नाहीत तरी सूर कळत होता.

कर्नल मुनीर दारातून बाहेर गेले असते तर पुढची बैठक कधी झाली असती कोण जाणे. तोवर उम खल्दून तळ्यावर गेलीच असती. मला एक सोपी वाट दिसत होती. म्हणायचं, एका गावाकडची माणसं भेटलो, विचारपूस केली. सगळ्यांचा मान राहिला असता. पण मग विषाणूचा तो प्रकार माझ्या एकट्याच्या डोक्यात राहिला असता, आणि मी तो कुणापुढे काढूच शकलो नसतो. मला कसा कळला, हे सांगता आलं नसतं. खरं सांगावं तर समोरच्या माणसाची नोकरी जायची, कदाचित त्याहून वाईट.

मी नवगावकरांकडे पाहिलं. त्यांनी ओफरांचं बोलणं हातानं थांबवलं आणि इंग्रजीत, अध्यक्षांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मेजरना आमचं बोलणं भाषांतर करून सांगू द्या. सगळं. त्यांनी काही गाळलं तर मी भर घालीन."

मग मी उभा राहिलो आणि शब्दन् शब्द सांगितला. आधी मी काय पुटपुटलो ते, मग ते काय म्हणाले ते, प्रयोगशाळेचा निकाल, रेवदंडा, त्यांची आई, सगळं.

कर्नल मुनीर दारात थांबले होते. "टाइप ओ," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

कर्नल ओफरांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "अध्यक्ष महोदय, ही माहिती देण्याचा अधिकार यांना नव्हता. आमची मागणी आहे की या दोन पशुवैद्यांना ताबडतोब खोलीबाहेर काढावं."

कर्नल मुनीर परत आले. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "आमचीही तीच मागणी आहे."

ब्रिगेडियर कीओंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कित्येक महिन्यांत त्या टेबलावर दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट मागितली नव्हती.

"सर्वानुमते मान्य," ते म्हणाले. "नोंद घ्या."

आम्हाला व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवलं. मध्ये एक घानाचा शिपाई उभा केला, आम्ही बोलू नये म्हणून. समोर समुद्र होता, लख्ख ऊन होतं. मला खूप काही विचारायचं होतं. तुम्ही कितव्या वर्षी इकडे आलात, मराठीत मोजता की हिब्रूत, जनावराला इंजेक्शन देताना तोंडातून कुठली भाषा येते. त्यांनाही विचारायचं असणार. दोनतीनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी शिपायाकडे पाहून मान हलवली. त्यांनी खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि एकेक सोलत समुद्राकडे तोंड करून बसले.

आतले आवाज मात्र बाहेर येत होते. सुरुवातीला चढे, मग उतरते. आम्ही दोघं बाहेर असल्यामुळे आता गुरांबद्दल बोलायला आत कुणी उरलंच नव्हतं. जे बोलायचं ते त्या दोन कर्नलनाच बोलावं लागत होतं. टँकर किती लागतील, तळ्याला जाणारी वाट कोण अडवणार, मेंढपाळांना कोण सांगणार. एकदा तर मला स्पष्ट ऐकू आलं, ओफर विचारत होते, "शेळ्यांनाही टोचावी लागते का?" आणि मुनीर म्हणत होते, "अर्थात, शेळ्यांनाही." मध्ये 'अध्यक्ष महोदय' हे शब्दच नव्हते. मी नवगावकरांकडे पाहिलं. त्यांनी बी सोलायचं थांबवलं होतं. त्यांनीही ते ऐकलं होतं.

दुपार कलली तेव्हा ब्रिगेडियर बाहेर आले. त्यांनी मला जीपपाशी नेलं.

"मेजर, आत काहीही ठरलेलं नाही, हे आधी समजून घ्या. कुणीही काहीही मान्य केलेलं नाही. लेबनॉन आपल्या मर्जीनं आपल्या गुरांना लस टोचणार आहे. इस्रायल आपल्या मर्जीनं आपल्या. योगायोगानं दोघंही एकाच सकाळी सुरुवात करणार आहेत. योगायोगानं दोघांनाही टाइप ओची लस हवी आहे. तळ्यावर तीन आठवडे कुणाचं जनावर जाणार नाही आणि कुणी गोळी झाडणार नाही, हाही योगायोग."

"आणि सर, ते नवगावकर?"

"त्यांचं त्यांचे लोक बघतील. तुमच्याबद्दल मात्र एक अट आहे, आणि सगळ्यात तीच एक लेखी आहे. तुम्ही त्या माणसाशी आणि त्यानं तुमच्याशी यापुढे एक शब्दही बोलायचा नाही."

मी सलाम ठोकला.

उम खल्दूनला पटवणं त्या बैठकीपेक्षा सोपं नव्हतं. टँकर बघून ती खूश झाली, पण लसीचं ऐकून तिनं कमरेवर हात ठेवले.

"त्यांच्या गाईंना जी टोचणार, तीच माझ्या गाईंना?"

"तीच."

"मग आधी त्यांच्यांना टोचा. त्या मेल्या नाहीत तर माझ्यांना."

"पलीकडेही कुणीतरी बाई हेच म्हणत असेल."

तिनं टेकडीकडे पाहिलं. "म्हणत असेलच," ती म्हणाली. "बाई शहाणी असेल तर म्हणेलच." मग म्हणाली, "सकाळी लवकर या. उन्हात गाई त्रास देतात."

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. पुण्यात कधी व्याख्यानाला बोलावतात. तिथे कुणीतरी उठून विचारतोच, त्या भागातल्या शांतता योजनांना काही भवितव्य आहे का. त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या परिषदेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, त्याआधीच्यांचं आणि नंतरच्यांचंही. विचारणारा माझ्याकडून एका उसाशाची अपेक्षा करत असतो. मी म्हणतो, आहे. नक्की आहे. लोक चुळबुळतात. मला वाटतं, यांनी तो लसीकरणाचा दिवस पाहायला हवा होता.

उतारावर लाकडी खोडा उभा केला होता. गावातली निरोगी गुरं एकेक करून त्यात येत होती. लेबनॉनच्या सरकारी पशुवैद्यकांची तुकडी होती, आमचे जवान होते, आणि देखरेखीला कर्नल मुनीर स्वतः आले होते. मध्ये तळं, कोरडं पडत चाललेलं, काठावर एकही जनावर नाही. पलीकडे कुंपणाच्या मागे तसाच खोडा, तशाच गाई, आणि त्यांच्यात एक बुटका माणूस पांढऱ्या कोटात. नवगावकर. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. मी मान खाली घालून काम करत राहिलो. लेखी अट होती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"उबी ऱ्हा गो बाय! अशी नाचू नको. तो टेकाळे बघतोय तिकडनं, लाज काढशील माजी!"

माझी सुई हातातच राहिली. मी पाहिलं. नवगावकर माझ्याकडे बघतही नव्हते. एका हातानं त्यांनी काळ्यापांढऱ्या गाईचं शिंग धरलं होतं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते, फक्त आवाज जरा मोठा होता.

माझ्या पुढ्यात उम खल्दूनची तांबडी गाय होती. मी तिच्या मानेवर थाप मारली.

"काय ग ए," मी मोठ्यानं म्हणालो, "तुझी नोकरी शाबूत आहे ना?"

पलीकडून उत्तर आलं, त्यांच्या गाईला. "नोकरी कुठं जातेय गो! शिव्या खाल्ल्या पोटभर. मंग म्हनाले, तूच लावलंस हे, आता तूच जाऊन टोच."

मी तांबडीला लस टोचली, कानाला खूण लावली आणि पुढची गाय घेतली. ती आली तशी मी पुन्हा विचारलं, "आणि आई कशी आहे ग तुझी?"

"आय बरी हाय. दिसत नाय आता नीट. रोज इचारते, रेवदंड्याचा समुद्र कसा हाय म्हनून. मी काय सांगू तिला? सात वर्साचा होतो मी निघालो तेवा."

रेवदंडा मीही पाहिलेला नव्हता.

"तू मराठवाड्याची गाय," मी गाईला म्हणालो. "समुद्र तुला काय माहीत! पण सुट्टीवर जाशील तेव्हा बघून ये. आणि कळव."

पलीकडे नवगावकर हसले. इतके मोठ्यानं हसले की त्यांच्याकडच्या शिपायांनी मान वळवून पाहिलं, आणि माझ्याकडची उम खल्दूनही, काही कळलं नसताना, हसू लागली.

माझ्या पाठीमागे कर्नल मुनीर उभे होते. किती वेळ ते मला ठाऊक नाही. त्यांनी सिगारेट पेटवली, कुंपणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही जनावरांशी फार बोलता."

"हो सर. त्यानं ती शांत राहतात."

"त्यांच्या बाजूचीही?"

"त्यांच्या बाजूचीही, सर."

मला वाटलं, आता ती लेखी अट निघणार. माझी तयारी होती. त्यांनी सिगारेटचे दोन झुरके घेतले, ती बुटाखाली विझवली आणि गुरांच्या घोळक्यात शिरले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला तांबडी.

"हिला टोचून झालंय सर," मी म्हणालो. "कानावर खूण आहे."

"दिसली मला." कर्नल मुनीरनी दावं माझ्या हातात दिलं आणि कुंपणाकडे पाठ करून उभे राहिले. "पण ही अजून घाबरलेली दिसते. हिच्याशी जरा निवांत बोला."